धर्मशाळेत उतरावे

अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित व सुस्थितीतील वर्गात जुन्या वास्तूंत जाऊन राहण्याची हौस उत्पन्न झाली आहे, आणि ती भागविणारा एक व्यवसायही तिच्या पाठोपाठ उभा राहिला आहे. ज्या वाड्याच्या वाटणीपायी भाऊबंदांनी दोन-तीन पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याच वाड्याच्या माजघरात आता गुळगुळीत फरशी बसवून, कोनाड्यांत विजेचे दिवे लावून आणि ओसरीवर पितळी घंगाळ मांडून पाहुण्याची वाट पाहिली जाते. व हा पाहुणा, ज्याच्या आजोबांनी असलेच घर सोडून शहराचा रस्ता धरला होता, तो एका रात्रीसाठी शेतमजुराला कित्येक दिवस पुरेल एवढी रक्कम मोजतो आणि पूर्वजांच्या जीवनाचा अनुभव घेतल्याच्या समाधानात परत जातो. या हौसेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वाडा पडून मातीत मिळण्यापेक्षा कोणत्याही निमित्ताने उभा राहिला तर ते इष्टच होय. परंतु जुन्या वास्तूतील मुक्काम म्हणजे एवढेच, अशी जी समजूत या व्यवसायाच्या जाहिरातींनी रूढ होऊ पाहत आहे, तिला वऱ्हाडाच्या बाजूने हरकत नोंदविणे मला अवश्य वाटते. वऱ्हाडातील मुक्कामाची खरी ऐतिहासिक जागा धर्मशाळा ही आहे. आणि तिचा जीर्णोद्धार करावयाचा तर तो तिच्या मूळ शिरस्त्याप्रमाणे, म्हणजे येईल त्या मुसाफिराला त्याच्या ऐपतीत उतरू देऊनच, केला पाहिजे. हे म्हणणे मांडण्यासाठी मूर्तिजापूरइतके सोयीचे ठिकाण मला दुसरे दिसत नाही.

मूर्तिजापूर हा मुळातच थांबण्याचा गाव. मुंबई-हावडा या मोठ्या लोहमार्गावर, अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान, हे स्थानक आहे. भुसावळहून नागपूरकडे निघालेली जी.आय.पी. कंपनीची गाडी १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली, तेव्हापासून ही वाट जगाला जोडलेली आहे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली, ही हकीकत शाळेच्या पुस्तकात असते. पण त्या कापसाला शेतातून रेल्वेपर्यंत पोहोचविण्यासाठी पुढे जे अरुंद मार्ग टाकण्यात आले, त्यांचा संसार मूर्तिजापुरात मांडला गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दोन फाटे येथून निघाले. दक्षिणेकडचा फाटा कारंजा, दारव्हा असे करीत यवतमाळला गेला, तर उत्तरेकडचा लाखपुरी, बनोसा, अंजनगाव अशी वळणे घेत अचलपूरला जाऊन थांबला. दोन्ही मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर. या गाडीला लोकांनी शकुंतला असे नाव दिले. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरातच घडविलेले होते. ज्या शहरासाठी कापूस न्यावयाचा त्याच शहरातून तो नेण्याचे यंत्र यावे, या योगायोगात एका साम्राज्याचा सगळा जमाखर्च मांडलेला आहे. हे इंजिन १९९४ पर्यंत कामावर होते, व त्यानंतर डिझेलचे आले.

शकुंतलेविषयी आज लिहिले जाते ते प्रायः तिच्या मंदगतीवर. चालत्या गाडीतून उतरावे, बांधावरची चार बोरे तोडावीत व पुन्हा मागल्या डब्यात चढावे, अशा कथा वऱ्हाडातील प्रत्येक वयस्क गृहस्थाजवळ आहेत, आणि त्यांतील निम्म्या तरी त्याने दुसऱ्याकडून ऐकलेल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. परंतु गाडीच्या मंदगतीचा जो खरा परिणाम त्याकडे या कथांचे लक्ष जात नाही. गाड्यांची जोड चुकली की माणसाला मूर्तिजापुरात रात्र काढावी लागे. अचलपूरहून यवतमाळकडे निघालेला सासुरवाशिणीचा भाऊ, कारंज्याच्या दत्ताला निघालेले वृद्ध दांपत्य, सरकीचा भाव विचारायला आलेला अडत्याचा माणूस, तहसील कचेरीत तारखेला हजर राहावयाचे म्हणून आदल्या सायंकाळीच येऊन पडलेला कुळवाडी, अशी मंडळी एका छपराखाली येत. त्यांतील फारच थोड्यांच्या खिशात भाड्याच्या खोलीचे पैसे असत. धर्मशाळेची गरज निर्माण होते ती अशा ठिकाणी. रमणीय स्थळांकडे माणूस हौसेने जातो. दोन वाटा जेथे मिळतात तेथे तो अडकतो, आणि धर्मशाळा ही अडकलेल्या माणसासाठी असते.

रमणीयतेचा प्रश्न निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले तर आपलीच माणसे चिखलदऱ्याकडे बोट दाखवितात. एक हजार मीटरहून अधिक उंचीवरचे ते ठिकाण सुंदर आहे यात वाद नाही. परंतु आपल्या पायाखालच्या मैदानालाही काही रूप आहे, हे सांगण्याचे धैर्य वऱ्हाडी माणसाने कधी दाखविले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील ही सपाट काळी जमीन चैत्र-वैशाखात इतकी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. मृगाचे पाणी पडले की हीच जमीन पायताणाला धरून बसते, आणि मग मैलभर चालणाऱ्याच्या पायी मणभर माती जमते. पावसाळा सरता सरता हवा धुतली जाते, आणि दर्यापूर-अंजनगावच्या बाजूस जसजसे सरकावे तसतशी उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची निळसर रेघ स्पष्ट होऊ लागते. कार्तिकात कपाशी फुटते, पाठोपाठ तुरीचा पिवळा फुलोरा येतो, आणि नदीकाठच्या घळींतून सायंकाळी जे ऊन तिरपे शिरते ते पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही.

या भूमीचे एक वैगुण्यही आहे, व ते मुक्कामाच्या विषयाशी निकट संबंध ठेवते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. त्यावर भात शिजत नाही, डाळ तर मुळीच शिजत नाही, आणि पिकाला दिले तर जमीन पांढरी पडते. म्हणूनच येथील शेतकरी पावसाच्या ओलीवर हरभरा घेतो व आकाशाकडे पाहतो. ज्या मुलखात गोडे पाणी ही दौलत आहे, तेथे परक्या माणसाला रांजणातून तांब्याभर पाणी देणे हा उपचार राहत नाही. देशावरच्या पाहुण्याला येथील घरोघरच्या पाण्याच्या आग्रहाचे नवल वाटते. त्या आग्रहामागे किती कोसांवरून आणलेली घागर आहे, हे त्याला ठाऊक नसते.

याच खोऱ्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामाच्या गावी, डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा मुलगा गुरे राखीत वाढला. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, परीट कुळातला. बाप लहानपणीच गेलेला. मोठेपणी याच माणसाला महाराष्ट्राने गाडगेबाबा म्हणून ओळखले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले, ही गोष्ट सर्वविदित आहे. पण घर सोडल्यानंतर त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम कोणते, हे पाहण्यासारखे आहे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे मुद्गलेश्वराचे देवालय आहे, व तेथे पौषातील रविवारी यात्रा भरते. थंडीच्या दिवसांत नदीत स्नान करून निघणारे यात्रेकरू, त्यांत म्हाताऱ्या बायका अधिक, निसरड्या दरडीवरून घसरून पडत. चाळीस जण ही गोष्ट पाहून हळहळले असतील. बाबांनी घाट बांधावयास घेतला. लोकांकडून चुना, दगड, श्रम, पैसा असे जे मिळेल ते घेऊन १९०८ च्या सुमारास हा घाट उभा राहिला. नंतर निवाऱ्याची कामे आली, सदावर्ते आली. पायरी, पाणी, छप्पर आणि भाकर, हा त्यांचा क्रम होता, आणि माझ्या मते तो कोणत्याही वास्तुशास्त्राच्या ग्रंथापेक्षा अधिक बरोबर आहे.

पुढे त्यांच्या हातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरात १९२५ च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय अशी कामे त्यांनी उभी केली. मुंबईत रुग्णालयाच्या फुटपाथवर पडून राहणारे रोग्यांचे नातलग पाहून तेथेही निवाऱ्याची तजवीज केली. १९५२ मध्ये या सर्वांच्या व्यवस्थेसाठी मिशन स्थापन झाले. आणि एवढ्या इमारती उभारणारा हा मनुष्य स्वतः मात्र बाहेर झाडाखाली वा झोपडीत पथारी टाकी; आपल्या रक्ताच्या नात्याच्या माणसांचा त्या मालमत्तेवर काडीचाही हक्क राहू नये याची त्याने पक्की तरतूद केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर, त्यांनी देह ठेवला. ज्याने सहस्रावधी माणसांना छप्पर दिले त्याचा शेवटचा श्वास रस्त्यावर गेला, याचे अनेकांनी गहिवरून वर्णन केले आहे. मला त्यात करुण असे काही दिसत नाही. वाटसरूंसाठी आयुष्यभर राबलेला माणूस वाटेवरच असावयाचा.

येथवर वाचून कोणी असे समजू नये की धर्मशाळा ही संस्था आरंभापासून निर्मळ होती. तिच्याविषयीचा आपला उमाळा बराचसा अज्ञानावर पोसलेला आहे. मुसलमानी अमलात हमरस्त्यांवर सराया होत्या. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांनी तीर्थोतीर्थी धर्मशाळा व घाट बांधले. त्या मागाहून इंग्रजांनी साहेबासाठी डाकबंगला काढला, व तेथे खानसाम्याच्या हातची कोंबडी आणि बाटलीबंद सोडा यांची व्यवस्था केली. धर्मशाळेच्या दारावर मात्र बहुधा जात उभी असे. अमुक ज्ञातीची धर्मशाळा, तमुक पेढीची धर्मशाळा, अशा पाट्या आजही तीर्थक्षेत्रांत वाचावयास मिळतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला तर पंढरपुरासारख्या ठिकाणी, ज्याच्या भेटीला तो शेकडो मैल पायी आला त्या विठोबाच्या गावातही, छप्पर मिळत नसे. गाडगेबाबांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती या अन्यायावर तोड म्हणून. व पुढे तीच वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. त्यांनीही त्या काळाच्या रीतीने मराठ्यांची, परिटांची अशा निरनिराळ्या धर्मशाळा उभ्या केल्याच होत्या, कारण समाजाची रचना एका माणसाच्या हयातीत उलटत नाही. परंतु वास्तू जुनी होण्याआधीच तिचा उपयोग बदलण्याची, ती अधिक गरजवंताच्या हाती सोपविण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. आजच्या जीर्णोद्धारवाल्यांनी त्यांच्यापासून शिकण्यासारखी जर काही गोष्ट असेल तर ती ही, असे मी म्हणेन. भिंत जपावी, पण दारावरची पाटी जशीच्या तशी जपलीच पाहिजे असे नाही.

मी स्वतः पूर्णाकाठच्या एका खेड्यातील जुन्या धर्मशाळेत उतरलो आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथील उणिवांबद्दल जे लिहावयाचे आहे ते गावकऱ्यांना दोष लावण्यासाठी नाही. दिंडी दरवाजातून आत गेले की मध्ये फरसबंदी चौक, तीन बाजूंनी ओवऱ्या, व त्यांना सागवानी खांबांचा आधार. प्रत्येक खांबावर, माणसाच्या बसत्या उंचीच्या जागी, लाकूड काळे व तुकतुकीत झालेले. तो रंग पॉलिशाचा नव्हता. शंभर वर्षे जे थकलेले प्रवासी तेथे पाठ टेकून बसले त्यांच्या डोक्याच्या तेलाने लाकूड तसे झाले होते, आणि मला वाटते त्या वास्तूतील सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज तोच. कोनाड्यांत काजळीचे थर, भिंतीत अडकविलेल्या लोखंडी कड्या (बैल बांधावयाच्या की गाठोडे टांगावयाच्या, याबद्दल दोन म्हाताऱ्यांत माझ्यादेखत वाद झाला), आणि दरवाजावरच्या दगडात कोरलेले दात्याचे नाव, ज्यावर चुन्याचे इतके हात बसले होते की अर्धी अक्षरे बुजून गेलेली.

किल्ली सांभाळणारे गृहस्थ सत्तरीच्या पलीकडचे. मी शहरातून आलो म्हणून त्यांना माझी कीव आली असावी. "काहून बाप्पा, तुमाले लॉजवर सोय नाही झाली काय?" असे त्यांनी विचारले, व मी मुद्दाम येथेच आलो हे सांगितल्यावर त्यांच्या मुद्रेवर जो संशय उमटला तो जाण्यास जेवणाची वेळ व्हावी लागली. त्यांच्या घरून ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचे वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला. रात्री ओसरीवर सतरंजी टाकताना ते म्हणाले, "पानी भरून ठेवलं हाय भाऊ, पन सकाळी आंग धुवाले थोडकंच घेजा." या एका वाक्यात त्या धर्मशाळेची सगळी परिस्थिती आली. पाणी टँकरचे होते. शौचालय बांधलेले होते, पण त्यात नळ नव्हता, म्हणून त्याला कुलूप होते. आणि दुसऱ्या ओवरीत उतरलेल्या दोन स्त्रिया, ज्या कोणा आप्ताच्या तेराव्याला आल्या होत्या, त्या अंधार पडण्याची वाट पाहत बसल्या होत्या. खांबावरच्या तेलाच्या डागाचे कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्याने हेही पाहिले पाहिजे. जुन्या वास्तूत राहण्यातला आनंद पुरुषांच्या लेखणीतून जितका वाहतो तितका स्त्रियांच्या लेखणीतून का वाहत नाही, याचे उत्तर मला त्या कुलपाने दिले.

आता मुद्द्यावर येतो. मूर्तिजापूर व त्याच्या आसपासच्या जुन्या निवाऱ्यांचे काय करावे, यासंबंधी साधारणतः दोन मते ऐकू येतात. एक मत असे की धर्मशाळेचा काळ गेला. गाव आता राष्ट्रीय महामार्गावर आहे, मोटारीने अकोला हाकेच्या अंतरावर आले, मग रात्र कोण काढतो. तेव्हा जागा मोकळी करून रस्त्याच्या अंगाला गाळे काढावेत व त्यांच्या भाड्यावर संस्था चालवावी. दुसरे मत अधिक सुसंस्कृत दिसते: शकुंतलेचा मार्ग पर्यटनासाठी पुन्हा सुरू करावा, तिला जुन्या पद्धतीचे डबे जोडावेत, स्थानकापाशी एखादी देखणी उतारशाळा करावी, आणि देशविदेशच्या हौशी प्रवाशांना वऱ्हाड दाखवावा. पहिल्या मतात व्यवहार आहे आणि दुसऱ्यात रसिकता आहे. परंतु दोहोंतही ज्याच्यासाठी ही छपरे उभी राहिली तो मनुष्य गैरहजर आहे.

तो मनुष्य नाहीसा झाला आहे काय? मला तसे दिसत नाही. शकुंतला गेली काही वर्षे थांबलेली आहे, तिच्या जागी रुंद मार्गाची घोषणा होऊन गेली, व रुळांवर बाभळी वाढल्या. तथापि तिचे प्रवासी हवेत विरून गेले नाहीत. ते एस.टी.च्या थांब्यावर आहेत. स्पर्धापरीक्षेला आलेली मुलगी व तिच्यासोबत रात्र फलाटावर बसून काढणारा तिचा बाप, दवाखान्यात कोणाला दाखल केलेल्याचे नातलग, हंगामात कपाशी वेचायला आलेल्या मजूर बायका, शेगावच्या वारीला पायी निघालेली दिंडी, खारपाणपट्ट्यात बोअरच्या कामावर आलेले परप्रांतीय तरुण: यांतील प्रत्येकाला रात्रीपुरते छप्पर, गोडे पाणी, कडी लागेल असे न्हाणीघर आणि ठरलेला दर या चार गोष्टी पाहिजेत. लॉज नावाच्या ज्या इमारती हमरस्त्यावर उभ्या आहेत तेथे हे मिळते, पण ते त्यांच्या खिशाला झेपत नाही, आणि एकट्या स्त्रीला तर तेथे पाऊल टाकण्याचाच संकोच वाटतो.

आक्षेप येतो तो असा की स्वस्त ठेवले की घाण होते व फुकट ठेवले की ठाण मांडून बसणारे येतात. या आक्षेपाचे उत्तर वऱ्हाडातच, रेल्वेने जेमतेम दोन तासांवर, मिळते. शेगावला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासांत प्रतिदिनी किती माणसे उतरतात व तेथील फरशा कशा असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना स्वस्ताई व स्वच्छता यांचे वैर आहे असे कोणी पटवू शकणार नाही. तेथे सेवेकऱ्यांची शिस्त आहे, हिशेब चोख आहे, आणि नियम सर्वांना सारखे आहेत. शेगावला अपार देणग्या येतात, मूर्तिजापूरला त्या कोठून येणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण ज्या काळी गाडगेबाबा हातात खराटा व डोक्यावर खापर घेऊन हिंडले त्या काळी त्यांच्यापाशी तरी कोणता खजिना होता? आणि ठाण मांडून बसणाऱ्यांची चिंता जुन्यांनीही केली होती. तीन रात्रींहून अधिक मुक्काम नाही, हा धर्मशाळांचा सार्वत्रिक शिरस्ता त्यातूनच आला. चौथ्या दिवशी नोंदवहीत सही घेऊन, प्रेमाने पण निश्चितपणे, गाठोडे बाहेर ठेवले जाई.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही जुना आहे. १८६७ चा सराई कायदा आपल्या देशात सुमारे दीडशे वर्षे पडून राहिला, व हॉटेलात कोणालाही पाणी फुकट मिळालेच पाहिजे असे त्यात लिहिले आहे असा एक लोकप्रवाद त्याच्या नावावर चालत आला. कलमांत ते शब्द शोधून सापडत नाहीत. सत्तावन्नच्या बंडानंतर अवघ्या दहा वर्षांत झालेला तो कायदा मुख्यतः परक्या मुसाफिराकडे संशयाने पाहणाऱ्या सरकारने केला होता, त्यात नोंदणी व पहारा यांवरच भर आहे. तरीही त्या संशयी सरकारने सराईच्या मालकावर खोल्या, पडव्या, मोऱ्या आणि माणसांना व जनावरांना पाणी पुरविणाऱ्या विहिरी स्वच्छ ठेवण्याची, छप्पर व भिंती दुरुस्त ठेवण्याची, रखवालदार नेमण्याची आणि दरांचा तक्ता लावण्याची सक्ती केली. न केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. जनावरांच्या पाण्याचाही ज्यात विचार आहे अशी वाक्ये आजच्या एखाद्या पर्यटन-धोरणाच्या मसुद्यात मी अद्याप वाचलेली नाहीत.

तेव्हा माझी दरखास्त साधी आहे. जेथे जुनी धर्मशाळा विश्वस्तांच्या हाती आहे तेथे त्यांनी, व जेथे ती बेवारस पडली आहे तेथे नगर परिषदेने वा ग्रामपंचायतीने, प्रथम पाण्याची टाकी बांधावी, नंतर स्त्रियांसाठी आतून कडी लागेल असे न्हाणीघर व शौचालय करावे, आणि त्यानंतर उरलेल्या पैशांतून सागवानी खांबांना तेलपाणी करावे; हा क्रम उलटा होता कामा नये. चुन्याचे काम चुन्यानेच व्हावे, त्यावर सिमेंट लिंपून भिंती घुसमटवू नयेत, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाहीत, गावात एखादा जुना गवंडी उरला असेल तर तो सांगेल. दात्याचे नाव असलेल्या दगडावरचा चुना हलक्या हाताने खरवडावा. दराचा तक्ता मराठीत व हिंदीत, ठळक अक्षरांत, दिंडी दरवाजाबाहेर लावावा, म्हणजे आत येण्यापूर्वीच माणसाला आपल्या खिशाचा अंदाज घेता येईल. एखादी ओवरी हौशी प्रवाशांसाठी पलंग-गाद्यांसह राखून ठेवावी व तिचा दर पाचपट लावावा, यालाही माझी ना नाही. मात्र त्यांचा दरवाजा वेगळा नसावा, चौक एकच असावा, आणि सकाळी नळावर त्यांना दिंडीतल्या माणसाच्या मागे उभे राहावे लागावे. असल्या व्यवस्थेत जो पाहुणा टिकेल त्याला वऱ्हाड खरोखर दिसेल; जो टिकणार नाही त्याच्यासाठी चिखलदऱ्याला हॉटेले आहेतच.

शकुंतला रुंद रुळांवर पुन्हा धावू लागली तर मूर्तिजापूरला उतरणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि न धावली तरी एस.टी. चुकावयाची राहणार नाही. या दोहोंपैकी कशाचीही वाट न पाहता एक गोष्ट ताबडतोब करता येण्याजोगी आहे. बहुतेक ठिकाणी धर्मशाळेची किल्ली सांभाळणारा माणूस परंपरेने, बिनपगारी, गावच्या भिडेखातर ते काम करीत असतो. तो आजारी पडला की दरवाजाला कुलूप, आणि तो गेला की धर्मशाळाच बंद. त्याला महिन्याचा पगार, आठवड्याची सुटी आणि त्याच्या सुटीच्या दिवसाकरिता दुसरा माणूस, एवढी तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात व्हावी.